तीन बाइटांचें अतिक्रमण

"सर्व्हर डाउन आहे" हे तीन शब्द आज महाराष्ट्रांतील अगदीं आडगांवींहि समजतात. त्यांतील दोन इंग्रजी आहेत याची आठवणसुद्धां आतां कोणाला होत नाहीं. कचेरीच्या पायरीवर, पतपेढीच्या खिडकीशीं, रेशनच्या दुकानासमोर हे शब्द कानीं पडले कीं माणसें कपाळाला हात लावतात आणि मुकाट्यानें परत फिरतात. पाऊस लांबला, नदीला पूर आला, सर्व्हर डाउन झाला. हीं सारीं एकाच जातीचीं संकटें आहेत, त्यांना कारण विचारावयाचें नसतें, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. माझा व्यवसाय सर्व्हर राखण्याचा आहे. तेव्हां या समजुतीविरुद्ध दोन शब्द बोलावे, आणि ते स्वतःच्या अनुभवाच्या आधारें बोलावे, एवढ्यासाठीं मी आज आपल्यासमोर आलों आहें.

अनुभव ठाणे जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतला आहे. मुंबईकर श्रोत्यांना शहापूर परकें वाटण्याचें कारण नाहीं. तानसा आणि भातसा हे जलाशय त्याच तालुक्यांत आहेत, आणि सकाळीं आपण नळ सोडतों तेव्हां बहुधा शहापूरच आपल्या घरांत येत असतें. मुरबाड त्याच्या दक्षिणेला, माळशेज घाटाच्या वाटेवर. दोन्ही तालुके भातशेतीचे. मुरबाडमधील धसई हें गांव आपल्यापैकीं कित्येकांना वृत्तपत्रांतून ठाऊक असेल. नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजीं, राज्यांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून त्याची घोषणा झाली होती आणि तेथल्या दुकानदारांच्या गल्ल्यावर कार्डाचीं यंत्रें दिसूं लागलीं होतीं. या धसईचें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. तें पुढें निराळ्याच कारणानें लागणार आहे.

या भागांतील एका सहकारी पतसंस्थेचें यंत्र दोन वर्षांपूर्वीं माझ्याकडे दुरुस्तीस आलें. यंत्र माझ्याकडे आलें म्हणण्यापेक्षां मीच यंत्राकडे गेलों म्हटलें पाहिजे. संस्थेचें नांव मी सांगत नाहीं. त्यांत तिची नालस्ती होईल आणि हकीकतींत भर कांहींच पडणार नाहीं. मुख्य कचेरी शहापुरास, शाखा मुरबाडास, आणि दोन्ही ठिकाणच्या खिडक्यांना उत्तर देणारा सर्व्हर मुख्य कचेरीच्या मागील एका लहानशा खोलींत.

जूनचा दुसरा आठवडा होता. मृग लागलेला, आभाळ भरून आलेलें, आणि दोन्ही खिडक्यांशीं ठेव काढणारांची रांग. बियाणें, खत, ट्रॅक्टरचें भाडें, मुलांच्या वह्या, असा सगळा खर्च याच पंधरवड्यांत अंगावर येतो. सभासद खिडकीशीं येई, रोखपाल बाई त्याचा खातेक्रमांक घालीत, रक्कम त्याच्या खात्यांत नांवें पडे आणि मग पडद्यावर पावती उमटे. निदान ती उमटावी अशी योजना होती. कांहीं सभासदांच्या वेळीं मात्र पावतीच्या जागीं नुसता पांढरा पडदा येई. बाई पुन्हां प्रयत्न करीत. पुन्हां पांढरा पडदा. शेवटीं त्या हातानें पावती लिहून पैसे देत. पैसे एकदांच दिलेले असत, परंतु खात्यांत ते दोनदां आणि कधीं तीनदांहि नांवें पडलेले असत, कारण रक्कम खात्यांत मांडण्याचें काम पावतीच्या आधींच होऊन गेलेलें असे.

परिणाम असा झाला कीं संध्याकाळीं रोजकीर्द जुळेना. गल्ल्यांत रोकड जास्त आणि खात्यांतून शिल्लक कमी. गल्ल्यांत पैसे कमी पडले तर त्याला अफरातफर म्हणतात. जास्त पडले तर काय म्हणावें हें संस्थेंत कोणालाच सुचेना, म्हणून तिलाहि अफरातफरच म्हणूं लागले. रोखपाल बाईंकडून लेखी खुलासा मागविण्यांत आला. एकवीस वर्षें त्या खिडकीवर बसलेल्या बाई. त्या रोज संध्याकाळीं जास्तीची रोकड मोजून, पाकिटांत घालून, वर तारीख लिहून चिटणिसांच्या स्वाधीन करीत होत्या, आणि तरीहि त्यांच्याकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली होती. किन्हवलीच्या एका वृद्ध सभासद बाई तीन दिवस एस. टी. नें येऊन तीनदां परत गेल्या. चौथ्या दिवशीं त्यांना चार हजार रुपये मिळाले आणि खात्यांतून बारा हजार गेलेले दिसले. त्यांनीं खिडकीशीं जो आरडाओरडा केला त्यांत कांहीं गैर होतें असें मला वाटत नाहीं.

आतां थोडें सर्व्हरविषयीं. सर्व्हर म्हणजे शब्दशः सेवक. वेबसर्व्हर हा मागेल त्याला मागेल तें पान आणून देणारा सेवक. या संस्थेंत जो होता त्याचें नांव अपाची. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति १ डिसेंबर १९९५ रोजीं निघाली आणि पुढें कित्येक वर्षें जगांतील सर्वांत अधिक वापरला जाणारा वेबसर्व्हर तोच होता. त्याचा कारभार एखाद्या मुकादमासारखा चालतो. मुकादम स्वतः काम करीत नाहीं. तो हाताखालीं गडी ठेवतो, एकेक मागणी एकेका गड्याकडे जाते. एखादा गडी काम करतांना पडला तर मुकादम क्षणाचाहि विलंब न लावतां त्याच्या जागीं दुसरा उभा करतो. ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे, आणि तिचा एक दुर्गुण असा कीं गडी कां पडला याची चौकशी मुकादम करीत नाहीं. त्यामुळें सर्व्हर संपूर्ण बंद पडत नाहीं. एकाला पान मिळतें, शेजारच्याला मिळत नाहीं, आणि बाहेरून पाहणाराला हा सारा लहरीचा खेळ वाटतो.

अपाचीचा दुसरा विशेष म्हणजे मॉड्यूलें. मूळ सर्व्हर आटोपशीर ठेवावयाचा आणि बाकीचीं कामें जोडमॉड्यूलांवर सोपवावयाचीं, अशी त्याची रचना आहे. गुप्तलिपींत बोलणें, परवाना तपासणें, चित्रें लहान करणें, प्रत्येकासाठीं वेगळें मॉड्यूल. पाहिजे तें जोडावें, नको तें काढावें. परंतु एकदां जोडलेलें मॉड्यूल दारांतल्या नोकरासारखें राहत नाहीं. तें गड्याच्या अंगांतच शिरतें. गड्याची जी स्मृति तीच त्याची स्मृति. तिजोरीपासून माजघरापर्यंत सर्व दारें त्याला उघडीं. जोडतांना अपाची एवढेंच पाहतो कीं हें मॉड्यूल आपल्याच आवृत्तीसाठीं बांधलेलें आहे कीं नाहीं. त्यासाठीं एक क्रमांक जुळवावा लागतो. क्रमांक जुळला कीं प्रवेश. चालचलणुकीचा दाखला कोणी मागत नाहीं.

त्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत संस्थेनें असेंच एक मॉड्यूल जोडलें होतें. पूर्वीं पावत्या इंग्रजींत निघत. सभासदांना त्या मराठींत मिळाव्या, त्यांवर त्यांचा पूर्ण पत्ता मराठींत असावा, या स्तुत्य हेतूनें शहरांतील एका विक्रेत्याकडून तें घेतलें होतें. हेतु स्तुत्य होता हें मी मनापासून म्हणतों.

मी जाण्यापूर्वीं विक्रेत्यानें एक उपाय करून ठेवला होता. दर दहा मिनिटांनीं सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हां चालू व्हावा अशी आज्ञा त्यानें यंत्रांत घातली होती. आमच्या धंद्यांतील हा सर्वांत आवडता उपाय आहे आणि माझ्या मतें सर्वांत वाईटहि. बंद करून चालू केल्यानें यंत्र सुधारल्यासारखें दिसतें, चौकशीचा उत्साह ओसरतो, आणि दोष जेथल्या तेथें राहतो. येथें तर नुकसान वाढलें, कारण ज्याचें काम त्या दहाव्या मिनिटाला अर्धवट असेल त्याचीहि पावती आतां बुडूं लागली. सर्वप्रथम ती आज्ञा मीं काढून टाकली. चिटणिसांना तें रुचलें नाहीं.

मग दोषाची नोंदवही उघडली. प्रत्येक सर्व्हर अशी एक वही ठेवतो, आणि तींत पाहण्यापूर्वीं कांहींहि हलवूं नये हा नियम मी माझ्या हाताखालच्या मुलांना पहिल्याच दिवशीं सांगतों. वहींत एकच ओळ शेंकडों वेळां होती: अमुक क्रमांकाचा गडी अकरा क्रमांकाच्या संकेतानें मेला. संकेत अकरा याचा अर्थ ठराविक आहे. गड्यानें आपली नसलेल्या स्मृतीच्या जागेवर पाय टाकला आणि यंत्राच्या मूळ शासकानें, म्हणजे कार्यप्रणालीनें, त्याला तेथल्या तेथें ठार केलें. म्हणजे वीज नाहीं, तार नाहीं, उन्हाळा नाहीं. आंतल्याच कोणीतरी हद्द ओलांडली होती. बाईंनीं हातानें लिहिलेल्या पावत्यांवर वेळ घातलेली होती. त्या वेळा वहींतल्या मृत्यूंशीं ताडून पाहिल्या तेव्हां मिनिटाला मिनिट जुळलें.

कोणाची मागणी पुरी करतांना गडी मेला? हें पाहावयास मी मागण्यांची वही उघडली आणि तेथें कांहींच सांपडलें नाहीं. यांत आश्चर्य नव्हतें. अपाची मागणीची नोंद काम पुरें झाल्यावर करतो. जो कामांतच मेला त्याला सही करावयास सवड कोठून मिळणार? अशा प्रसंगासाठीं अपाचीमध्येंच एक चौकशीचें मॉड्यूल दिलेलें असतें. तें प्रत्येक मागणी हातीं घेतांना अधिकाचें चिन्ह घालून नोंद करतें आणि ती पुरी झाल्यावर वजाचें चिन्ह घालून दुसरी. ज्या अधिकाला वजा मिळाला नाहीं ती मागणी प्राणघातक. तें चालू करून अर्धा दिवस थांबलों. एकूण एक अपुऱ्या मागण्या पावतीच्या होत्या.

येथवर सर्व ठीक. यापुढें माझी चूक सांगतों. पावतीच्या मागणींत दोन मॉड्यूलें भाग घेत असत: एक नवें, पावती मांडणारें, दुसरें जुनें, वारंवार लागणारीं पानें जवळ साठवून ठेवणारें. या जुन्या मॉड्यूलाचा मला पूर्वीं एकदां दुसरीकडे वाईट अनुभव आला होता. मीं त्याच्यावरच संशय घेतला आणि दोन दिवस त्याच्यामागें घालविले. नवीन काय बदललें हा प्रश्न सोडून, मला पूर्वीं कोणी त्रास दिला होता या प्रश्नाच्या मागें लागलों. माणसाच्या बाबतींत हा अन्याय आहे हें आपण ओळखतों. यंत्राच्या बाबतींत तो अनुभव म्हणून खपतो. तें जुनें मॉड्यूल काढलें, तरी गडी मरतच राहिले. त्या दोन दिवसांत खिडकीशीं जे परत गेले त्यांचा हिशोब माझ्या नांवावर आहे.

तिसऱ्या रात्रीं, खिडक्या बंद झाल्यावर, सर्व्हरची एक हुबेहूब नक्कल दुसऱ्या यंत्रावर उभी केली आणि नवें मॉड्यूल तिच्यांत ठेवून चांचणीच्या खात्यावर पांचशें पावत्या काढल्या. एकहि गडी मेला नाहीं. तेव्हां मेलेल्या गड्याच्या स्मृतीचा उतारा घेतला. मरणाच्या क्षणीं गड्याच्या डोक्यांत जें असतें तें जसेंच्या तसें फाइलींत उतरवून ठेवण्याची सोय असते. नंतर तें उघडून, तो कोठल्या कामांत होता, तें काम त्याला कोणी सांगितलें होतें, त्याला कोणी, अशी साखळी उलट दिशेनें वाचतां येते. साखळीच्या टोकाला अपाचीच्याच स्मृति वांटून देणाऱ्या भागाचें नांव निघालें. विक्रेत्यास हें कळविलें तेव्हां त्याचें उत्तर तयारच होतें: दोष सर्व्हरचा आहे, आमच्या मॉड्यूलाचा नाहीं.

कागदोपत्रीं तें खरें दिसत होतें. परंतु हद्दीच्या गुन्ह्यांत एक गोम असते. शेजाऱ्यानें रात्रीं बांध कोरला, आणि सकाळीं तुमच्या बैलाचा पाय त्या खळग्यांत गेला. बैल तुमच्या शेतांत पडलेला दिसतो. प्रेत जेथें सांपडतें तेथेंच घाव बसलेला असतो असें नाहीं. एका मॉड्यूलानें लगतची स्मृति बिघडवावी आणि दुसऱ्याच कोणीं ती नंतर वापरतांना मरावें, हें वरचेवर घडतें. मात्र हें विक्रेत्याला पटवावयाचें तर तर्क पुरत नाहीं; गुन्हा डोळ्यांसमोर घडवून दाखवावा लागतो, आणि तोच माझ्या चांचणीच्या खात्यावर घडत नव्हता.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं जेवणाच्या सुटींत रोखपाल बाई खोलीच्या दाराशीं आल्या.

"साहेब, एक सांगूं का? हंसणार नसाल तर सांगतें."

"सांगा ना, ताई."

"किन्हवलीचा माणूस आला कीं हें बंद पडतें. डोळखांबचा आला तर पडत नाहीं. मुरबाडच्या शाखेंत विचारलें मीं. धसईच्या माणसाला एकदांहि त्रास झाला नाहीं म्हणतात."

मी हंसलों नाहीं, पण मनांत आलेलें सांगावयाचें तर मला तो योगायोग वाटला. चिटणिसांना त्या हें आठवडाभर सांगत होत्या. त्यांनीं तें हंसण्यावारीं नेलें होतें. परंतु बाईंचें बोलणें संपलें नव्हतें.

"आणखी एक. काल किन्हवलीच्या एका सभासदाचा पत्ता मीं जरा बदलला. तालुका असा अख्खा शब्द होता, तेथें नुसतें ता आणि टिंब दिलें. पावती आली."

श्रोतेहो, माझ्यापुढें चार दिवसांच्या नोंदवह्या, स्मृतीचे उतारे आणि सारीं साधनें पडलीं होतीं, आणि हा प्रयोग मला सुचला नव्हता. मीं तेथेंच कागद घेऊन मोजावयास बसलों. आपणहि मनांतल्या मनांत मोजूं शकाल, म्हणून हिशोब सांगतों.

यंत्र अक्षरें साठवितें तीं बाइट नांवाच्या लहान खणांत. रोमन लिपीच्या अक्षराला एक खण लागतो. आजच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलंताचें चिन्ह हीं सगळीं स्वतंत्र चिन्हें धरलीं जातात. धसई या नांवांत ध, स, ई हीं तीन चिन्हें; म्हणजे नऊ बाइट. डोळखांब म्हणजे ड, त्याचा ओकार, ळ, ख, काना, अनुस्वार आणि ब, हीं सात चिन्हें, एकवीस बाइट. किन्हवलींत क, वेलांटी, न, हलंत, ह, व, ल आणि दुसरी वेलांटी अशीं आठ, चोवीस बाइट.

पावतीवरील पत्त्याचा सांचा ठरलेला होता. मु. पो., मग गांव, मग तालुका, मग जिल्हा ठाणे, शेवटीं पिन आणि सहा इंग्रजी आंकडे. शहापूर आणि मुरबाड दोहोंत योगायोगानें सहा सहाच चिन्हें आहेत. तेव्हां गांवाखेरीज बाकीचा सर्व पत्ता, टिंबें, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून, १०६ बाइट भरतो. धसईचा पत्ता ११५, डोळखांबचा १२७, किन्हवलीचा १३०. मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटीं आणखी एक बाइट रिकामा ठेवावा लागतो. तो धरला तर डोळखांबचे १२८ आणि किन्हवलीचे १३१.

१२८ ही संख्या आमच्या धंद्यांतील माणसाला पाहतांच ओळखूं येते. दोनाच्या पटींत मोजण्याच्या संवयीनें आम्ही जागा राखतों ती बत्तीस, चौसष्ट, एकशेंअठ्ठावीस अशी. मॉड्यूल लिहिणारानें पत्त्यासाठीं १२८ बाइटांची जागा राखली होती, आणि येणारा पत्ता तींत मावतो कीं नाहीं हें तपासल्यावांचून तो तींत ओतीत होता. डोळखांब अगदीं कांठोकांठ मावलें. किन्हवलीचे तीन बाइट पलीकडे सांडले, आणि पलीकडे होता पुढें कोणत्या जागीं जावयाचें याचा पत्ता. गडी त्या बिघडलेल्या पत्त्यावर गेला आणि मेला. तालुका या शब्दाचे अठरा बाइट जाऊन त्या जागीं ता आणि टिंबाचे सात आले तेव्हां अकरा बाइटांची बचत झाली, आणि बाईंची पावती निघाली. माझ्या चांचणीच्या खात्यावर पत्त्याच्या जागीं चार इंग्रजी अक्षरें होतीं. पांचशें काय, पांच लाख पावत्या काढल्या असत्या तरी तीं कोणाला बाधलीं नसतीं.

मॉड्यूल लिहिणारा अडाणी होता असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्यानें किन्हवलीच्या पत्त्याचीं चिन्हें मोजलीं असतीं तर तीं छप्पन्न भरलीं असतीं. छप्पन्नांना एकशेंअठ्ठावीस म्हणजे दुपटीहून अधिक जागा. भारतीय लिप्यांसाठीं भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं इस्की नांवाची जी पद्धत ठरविली होती तींत एका चिन्हाला एकच बाइट लागे. त्या काळीं हा हिशोब बिनचूक ठरला असता. पुढें जगांतील सर्व लिप्या एका कोशांत आल्या, त्या साठविण्याची यूटीएफ आठ ही पद्धत केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीं १९९२ च्या सप्टेंबरांत आंखली, आणि आज सर्वत्र तीच चालते. ती अत्यंत कुशलतेनें आंखलेली आहे, पण तींत इंग्रजीचें बिऱ्हाड एका खोलीचें आणि आपलें तीन खोल्यांचें. शहरांत बसून इंग्रजी पत्त्यांवर चांचणी करणाराला हें कधीं दिसणार नाहीं. दोष तीन खोल्यांचाहि नाहीं. घरांत किती माणसें मावतील हें न पाहतां दार लोटण्याचा आहे.

अशी चूक लहान गांवच्या लहान विक्रेत्याकडूनच होते असा श्रोत्यांनीं ग्रह करून घेऊं नये. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारीं सकाळीं, आपल्या घड्याळाप्रमाणें नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनीं, क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या राखणदार मॉड्यूलासाठीं एक लहानशी फाइल जगभर पाठविण्यांत आली. हें मॉड्यूल यंत्राचें चोरांपासून रक्षण करण्यासाठीं विंडोज प्रणालीच्या अगदीं गाभ्यांत बसविलेलें असतें. फाइलींतील नियमाला एकवीस रकाने हवे होते. मॉड्यूलाला पुरविले गेले वीस. एकविसावा रकाना वाचावयास तें हद्दीबाहेर गेलें. गाभ्यांत बसलेला मेला म्हणजे गडी मरत नाहीं, सबंध यंत्र मरतें. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें पंचाऐंशीं लाख यंत्रें त्या दिवशीं निळा पडदा दाखवीत बसलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपत्र देण्यांत आले. त्यांचीं छायाचित्रें आपण पाहिलीं असतील. सदोष फाइल सव्वा तासाच्या आसपास मागें घेतली गेली, परंतु जीं यंत्रें पडलीं होतीं त्यांतील पुष्कळांना प्रत्यक्ष माणसानें जाऊन, मर्यादित रीतीनें सुरू करून, ती एक फाइल पुसावी लागली. शहापूरच्या बाई आणि विमानतळावरील कारकून, दोघांनाहि शेवटीं लेखणीनेंच तारलें.

आमच्या हकीकतीकडे परत येतों. दोष सांपडल्यावर त्याच संध्याकाळीं तें मॉड्यूल काढलें. काढणें म्हणजे सर्व्हरच्या व्यवस्थापत्रकांतील एका ओळीच्या आधीं एक चिन्ह घालणें. काम अर्ध्या मिनिटाचें. पावत्या पुन्हां इंग्रजींत निघूं लागल्या. मराठी पावतीसाठीं आठ दिवस थांबावें लागलें, आणि तेवढें थांबण्यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. विक्रेत्यास किन्हवलीचा आणि डोळखांबचा असे दोन पत्ते पाठविले. एकानें मरण, दुसऱ्यानें जीवदान, दर वेळीं, बिनचूक. त्यानंतर त्यानें वाद घातला नाहीं. त्यानें माप सुधारलें तें जागा दुप्पट करून, असें प्रथम कळलें. मीं तें परत पाठविलें. २५६ बाइटांच्या जागेंतहि उद्यां कोणाचा तरी पत्ता सांडेलच. ओतण्यापूर्वीं मोजावयाचें, आणि जास्त असेल तर बेतानें कापावयाचें, तेंहि चिन्हाच्या मध्येंच सुरी न चालवतां, ही दुरुस्ती दुसऱ्या खेपेस झाली.

माझ्या आग्रहानें आणखी एक बदल केला. पावती मांडणारा भाग गड्याच्या अंगांतून काढून शेजारीं स्वतंत्र बसविला. आतां गडी त्याला निरोप पाठवितो आणि उत्तराची वाट पाहतो. काम किंचित् सावकाश होतें, डोळ्यांना कळणार नाहीं इतकें. पण तो भाग उद्यां पुन्हां मेला तर एकटाच मरेल. खात्यांत रक्कम मांडणें आणि पावती देणें यांचा क्रमहि बदलावा, एकाच मागणीची रक्कम दुसऱ्यांदा नांवें पडूं नये म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा, असेंहि सुचविलें होतें. त्याला संचालक मंडळाची मंजुरी लागली, आणि ती मिळावयास दिवाळी उजाडली.

खातीं जुळविण्यास मात्र पांच दिवस पुरले, आणि त्याचें श्रेय त्या पाकिटांना. बाईंनीं दर संध्याकाळीं दिलेल्या पाकिटांतील जास्तीची रोकड आणि खात्यांतून दोनदां, तीनदां गेलेल्या रकमा यांची तारीखवार यादी केली. एका रुपयाचाहि फरक निघाला नाहीं. त्यांच्याकडून मागविलेला लेखी खुलासा त्यांनीं अखेर दिला. एका पानावर तीन गांवांचीं नांवें, त्यांपुढें चिन्हांचे आंकडे, आणि खालीं सही. चिटणिसांनीं तो दप्तरांत लावून घेतला. किन्हवलीच्या आजींच्या खात्यांत आठ हजार परत जमा झाले तेव्हां भाताचीं रोपें वर आलेलीं होतीं. बियाणें त्यांनीं तोंवर शेजाऱ्याकडून उसनें आणलें होतें.